टेबलावर जागा एकच

माझ्या धाकट्या भावाला सगळे खटपट्या म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. दहा वर्षांचा असताना त्यानं घरातला रेडिओ उघडला, पुसूनबिसून परत बंद केला आणि तीन स्क्रू उरले. रेडिओ वाजत होता. वडिलांनी विचारलं, वाजतोय तर मग हे तीन कशाचे? त्याला सांगता येईना. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तेव्हापासून त्यानं कशालाही हात लावला की मी विचारते, किती स्क्रू उरले? आता तो छप्पन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस राहिले नाहीत, पण हा प्रश्न विचारला की कानापर्यंत लाल होतो. व्हायचा, असं म्हणायला हवं. हल्ली होतो की नाही ते मला दिसत नाही.

त्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. सरळ उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतो. तिथे तो लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो. तीस वर्षं झाली. त्याच्यामागून आलेले कुठल्या कुठे गेले, त्यांच्या दुकानांना काचेची दारं आली. हा आपला जिन्याखालीच. कारण त्याची पद्धत. कुणी येऊन म्हणालं, नवा कॉम्प्युटर हवाय, तर हा म्हणतो, आधी जुना घेऊन या. जुना उघडून बघितल्याशिवाय नवा सांगायचा नाही असा त्याचा नेम. झाकण काढतो, टॉर्च मारतो आणि आतली धूळ बघत बसतो. धुळीवरून त्याला म्हणे सगळं कळतं: यंत्र जमिनीवर ठेवतात की टेबलावर, घरात मांजर आहे का, सिगारेट कोण ओढतं. मग प्रश्न सुरू. यावर करता काय? बसता किती वेळ? त्याच खोलीत कुणी झोपतं का? एवढी उलटतपासणी झाल्यावर निम्म्या लोकांना तो नवा विकतच नाही.

एकदा एक निवृत्त गृहस्थ आले. नातवाकडे आहे तस्साच भारीतला हवा म्हणाले. करणार काय, तर पत्ते खेळणार, तेही एकट्यानं. यानं त्यांच्या जुन्याची धूळ झाडली, मेमरीची एक पट्टी वाढवली आणि घरी पाठवलं. मी म्हटलं, अरे, पायानं चालत आलेलं गिऱ्हाईक असं कुणी घालवतं का? तर म्हणतो, ताई, पत्ते तेवढ्यातच पिसले जातात. आता याला काय बोलायचं! पालथ्या घड्यावर पाणी.

जे खरंच घेतात त्यांची यादी तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहितो. सगळ्यात वर पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटून देणारी पेटी. लोकांना तिचं काही पडलेलं नसतं. त्यांना प्रोसेसर किती वेगाचा आणि दिवे कुठल्या रंगाचे ते हवं असतं. हा म्हणतो, आधी पोटाचं बघू, मग कपडे. एकच काय ती हौस त्याला आहे. नव्या मॉनिटरच्या काचेवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो ना, तो तो स्वतः कधी काढत नाही. गिऱ्हाइकाला काढायला लावतो. नवेपणाचा मान त्यांचा, म्हणतो.

मी माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. पंप घ्या, मिक्सर घ्या, शिलाई मशीन घ्या, खोक्यात एक पातळ पुस्तक येतं आणि ते कुणी वाचत नाही. ते मी लिहिलेलं असतं. 'झाकण उघडण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करा' हे वाक्य मी हजार वेळा तरी लिहिलं असेल. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, मी माझ्या दोन खोल्यांत राहिले आणि या कामानं माझे दिवस नीट भरले.

मग डोळ्यांतला दाब वाढला आणि नस सुकत गेली. दोन वर्षं मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी उजेड आणि अंधार यापलीकडे काही उरेना, तेव्हा सांगणं भाग पडलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. मुलगा आला तो थेट बॅगाच भरायला लागला. मुलगा गुणी आहे, सूनही गुणी आहे. पण तिथे मी दिवसभर खुर्चीत बसणार आणि कुणीतरी येऊन विचारणार, आई, चहा देऊ का? मला नुसत्या विचारानंच घाबरायला झालं. मी भांडले. शेवटी असं ठरलं, की यंत्रानं मोठ्यानं वाचायचं आणि आपण टाइप करायचं अशी जी सोय असते, ती मी शिकायची आणि महिनाअखेरपर्यंत एक पूर्ण पुस्तिका एकटीनं करून द्यायची. जमली, तर मी माझ्या घरात राहणार. नाही जमली, तर मुकाट्यानं मुलाकडे. मला काम देणाऱ्या बाईंनी एका पंपाची चाळीस पानांची पुस्तिका माझ्यासाठी ठेवली, पण महिनाअखेरीच्या पुढे त्यांनाही थांबता येणार नव्हतं.

यासाठी नवा कॉम्प्युटर हवा होता. जुना वाचता वाचता अडकायचा, आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, त्यात वाचणारीचा आवाज बुडून जायचा.

खटपट्या आला आणि नेमाप्रमाणे आधी जुना उघडून बसला. मला वाटलं, आता मांजराबिंजराचं सुरू होणार. पण त्यानं जुना मॉनिटर लावून बघितला. त्याचा उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला होता. अक्षरं एवढी मोठी केलेली, की एका वेळी चार शब्द जेमतेम मावतील. उजेड वाढवायचं बटण तर दाबून दाबून आतच गेलेलं.

"दोन वर्षं एकटीच दाबत बसलीस?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तू तुझं काम कर.

मुलानं फोनवर एक यादी पाठवली होती, ऑफिसातल्या कुणा जाणत्याकडून घेतलेली. त्यात भारी ग्राफिक्स कार्ड होतं, काचेची पेटी होती, आत रंग बदलणारे दिवे होते. खटपट्यानं ती मला वाचून दाखवली आणि म्हणाला, "ताई, यातलं निम्मं डोळ्यांसाठी आहे."

बोलून गेला खरा. माझा राग तर नाकावरच असतो. खरं सांगायचं तर तो त्याच्यावर नव्हता, पण समोर तोच बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. जिन्याखाली जन्म गेला आणि आता मला शहाणपण शिकवतोय, इथपर्यंत गेले. तो ऐकून घेत होता आणि पुठ्ठ्यावर लिहीत होता. पेन्सिलीची खरखर मला ऐकू येत होती.

मग त्यानं स्वतःची यादी वाचली. पॉवर सप्लाय असा, की काम हलकं असेल तोवर त्याचा पंखा फिरतच नाही. प्रोसेसर मधला, कारण भारीतला तापतो आणि तापला की पंखा ओरडतो. मेमरी भरपूर. हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची नको, ती कुरकुरते, चिपवाली घ्यायची. ग्राफिक्स कार्ड नाहीच, त्याऐवजी बरे स्पीकर. कीबोर्ड जाड बटणांचा. यादी संपली.

मी विचारलं, मॉनिटर?

त्यानं पेन्सिल पुठ्ठ्यावर टकटकवली. मी म्हटलं, मॉनिटर लिही आणि चांगला मोठा लिही. मॉनिटर नसलेला कॉम्प्युटर कधी कुणी बघितलाय का? उद्या घरी चार माणसं आली तर काय म्हणतील? पुन्हा पेन्सिलीची खरखर आली. दुसऱ्या कुणी असं बिनकामाचं काही मागितलं असतं तर यानं तासभर वाद घातला असता. माझ्याशी एका शब्दानं घातला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून पंखे घेऊन आला, तळहाताएवढे. एकेक पंखा बॅटरीला जोडायचा आणि माझ्या कानाशी धरायचा. त्याचे स्वतःचे कान तीस वर्षं पंख्यांत बसून बधिर झालेत, म्हणाला, म्हणून निवड मी करायची. जन्मभर मी त्याची शाळा निवडली, कपडे निवडले, मुलगी बघायलासुद्धा मीच पुढे होते. पण दुकानाच्या कामात त्यानं माझं मत विचारावं, ही पहिलीच वेळ. मी अकरा पंखे ऐकले. एक शिट्टी मारत होता, एक डासासारखा गुणगुणत होता, एकाला दमा होता. नववा कानाशी धरला तर काहीच ऐकू येईना. मी म्हटलं, अरे, हा बंद आहे. तो म्हणाला, बोट लावून बघ. बोट लावलं तर फिरत होता. मी तोच घेतला. दोघंही एकदम खूश. तिथेच चुकलं होतं, पण ते दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

यंत्र आलं, टेबलाखाली बसलं. वर मॉनिटर बसला. आतली वाचणारी बाई बोलायला लागली. तिला मी 'बाई'च म्हणते. श्वास न घेता वाचते, स्वल्पविरामसुद्धा 'स्वल्पविराम' म्हणून वाचते, पण उच्चार स्वच्छ. दर अक्षराला टोकत होती, म्हणून मी टाइप करते तेव्हा तिला गप्प राहायला शिकवलं. आठ-दहा दिवसांत आमचं जमलं. तेरा पानं झाली. मी मुलाला फोन करून सांगितलं, बॅगा माळ्यावर टाक.

मग एके दिवशी दूध उतरवून परत येऊन बसले तर बाई बोलेना. माझ्याच हातून तिला गप्प करायचं बटण दाबलं गेलं होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. वाकून चालू करायचं बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून ते दाबून धरलं. चालू यंत्राचं बटण असं दाबून धरलं की ते तिथल्या तिथे मरतं. सकाळपासूनची पाच पानं गेली. सगळा भाग संपल्याशिवाय साठवायचं नाही, ही माझी जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, काही झालं तरी बटणाला हात लावायचा नाही. लिहीत बसले. दोन पानं सलग लिहिली, फार छान जमली. वाचून दाखव म्हटलं तर बाई गप्प. वीज गेली होती. केव्हा गेली कुणास ठाऊक. मी बंद यंत्रापुढे बसून दोन पानं लिहिली होती. त्यानंतर माझा धीरच गेला. बटण दाबायची भीती, न दाबायचीही भीती. डोळे गेले तेव्हा वाटलं नव्हतं, पण आता वाटायला लागलं, की डोकंही गेलं. मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, महिनाअखेरीला घ्यायला ये. मग खटपट्याला केला. म्हटलं, तुझं यंत्र घेऊन जा.

तो आला. मी तोंडाला येईल ते बोलले. पाण्यासारखं चालतं म्हणाला होतास, माझं आयुष्य बुडवलंस, असंही म्हणाले. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, एकदा फक्त बसून दाखव, काय करतेस ते. मी बसले. वाकले, बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले. तो म्हणाला, दाब की. मी म्हटलं, चालू आहे की बंद आहे तेच कळत नाही, तर दाबू कशी?

"अगं, तो निळा दि..." एवढं बोलून तो थांबला.

यंत्र चालू असलं की पुढच्या बाजूला निळा दिवा लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता.

"चूक माझी आहे, ताई," तो म्हणाला. "मी दिवा बघून तपासलं. जुना घरघरायचा म्हणून तुला कळायचं. ती घरघर मी काढून घेतली आणि बदल्यात काही दिलंच नाही."

त्यानं दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं. माझा टॉवेल डोळ्यांवर बांधला आणि माझ्या खुर्चीत बसला. कप सांडला, पलंगाला नडगी आपटली, दाराऐवजी कपाट उघडून आत शिरायला निघाला. मी किती तरी दिवसांनी हसले. कीबोर्डवर बोटं कुठे ठेवायची ते मीच त्याला शिकवलं. दुपारी बाई गप्प झाली, तसं त्यानंही बटण दाबून धरलं आणि चालू यंत्र बंद केलं. "गेलं," म्हणाला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे डोकं जागेवर होतं माझं.

दुसऱ्या दिवशी त्यानं टॉवेल सोडला. दुकानातल्या जुन्या डब्यातून वाटाण्याएवढा एक भोंगा आणला होता. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असायचा, यंत्र सुरू झालं की एकदा 'पीप' करायचा. हल्ली कुणी बसवत नाही. तो बसवला. मी म्हटलं, हे सुरू होतानाचं झालं, पण मध्येच वीज गेली तर? तो म्हणाला, टेबलाखाली यंत्राचा वारा त्याच्या पोटरीला लागत होता. एक दिवस बसल्यावर त्याला तेवढ्यावरून कळायला लागलं, चालू आहे की नाही ते. वारा बंद, म्हणजे यंत्र बंद. मला साडी असते, माझ्या पायाला काही लागत नाही. तेव्हा वारा हातापाशी आणायचा. यंत्र वर, कीबोर्डच्या डोक्याशी, अगदी समोर ठेवायचं, पाठ माझ्याकडे करून. म्हणजे लिहिताना वारा दोन्ही मनगटांवर येत राहील.

टेबल माझं लहान. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पलंग, मोठं टेबल मावायचं नाही.

"ताई," तो म्हणाला, "टेबलावर जागा एकच आहे."

एवढंच बोलला आणि स्टुलावर बसून राहिला. समोर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. मी हात पुढे केला. इतक्या दिवसांत मॉनिटरला मी कधी हात लावला नव्हता, गरजच पडली नव्हती. बोटांना काच लागली नाही. प्लास्टिक लागलं. पापुद्रा अजून तसाच होता, कोपऱ्यातलं ओढायचं टोकसुद्धा कारखान्यात दुमडलेलं तसंच.

मी विचारलं, हा मला काढायला का नाही लावलास?

"तू काढते म्हणाली असतीस तर काढू दिला असता," तो म्हणाला. "परत ने म्हणाली असतीस तर परत नेला असता. मी कोण ठरवणारा?"

मी रडले. डॉक्टरांसमोर रडले नव्हते, मुलानं बॅगा काढल्या तेव्हाही नव्हते. तो उठून जवळ वगैरे आला नाही, आमच्यात ती पद्धत नाही. तो स्टुलावरच होता, आणि त्याचंही नाक वाजत होतं. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, उतरव तो.

पुढचे अकरा दिवस मी मान वर केली नाही. सकाळी भोंगा एकदा वाजायचा आणि मनगटांवर कोमट वारा यायला लागायचा. दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा शब्द अर्धा असतानाच कळलं. दर पानाला साठवायची सवय लावून घेतली. शेवटच्या दिवशी दुपारी चाळिसावं पान संपलं आणि काम देणाऱ्या बाईंकडे पुस्तिका गेली. मुलगा घ्यायला आला होता, तो शेजारी बसून सगळं बघत होता. संध्याकाळी त्यानं मोकळ्या बॅगा उचलल्या आणि माझ्या पायाशी जरा वेळ बसून राहिला. नंतर म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो.

कोपऱ्यात मॉनिटरचं खोकं पडून होतं, ते न्यायला खटपट्या त्याच वेळी आला. खोकं काखेत घेऊन दारापर्यंत गेला. मी भिंत धरून त्याच्या मागे गेले. आभार मानायला हवेत हे कळत होतं, पण छप्पन्न वर्षांत मी त्याचे कधी मानले नाहीत, जीभ वळेना.

म्हटलं, "किती स्क्रू उरले?"

"एकही नाही, ताई."

मी हात पुढे करून त्याचा कान चाचपला. गरम लागला.